बाटलीबंद वास्ते: चव अस्सल, लेबल अपुरे

गडचिरोली-चंद्रपूरकडे बांबूच्या कोवळ्या कोंबांना वास्ते म्हणतात आणि पावसाळ्यात आठवडी बाजारातून ते घरी आले की आधी हरभऱ्याची डाळ भिजत पडते. पुण्यात आल्यापासून मी या भाजीला मुकलो होतो, त्यामुळे एका प्रदर्शनात तिकडच्या महिला बचत गटाने मिठाच्या पाण्यात मुरवलेले वास्ते दिसताच दोन बाटल्या घेतल्या.

काप पातळ आहेत, शेंड्याकडचे जास्त आहेत आणि बुंध्याचा चिवट भाग निगुतीने काढून टाकलेला आहे. झाकण उघडल्यावर येणारा आंबूस वास नवख्याला उग्र वाटेल, पण वास्त्यांचा वास असाच असतो. जवसाच्या तेलात लसूण आणि हिरवी मिरची परतून त्यात डाळ व वास्ते वाफवले, तेव्हा डाळ मऊ झाली तरी काप दाताखाली करकरीत राहिले. आईच्या हातच्या भाजीच्या इतक्या जवळ जाणारी चव मला पुण्यात प्रथमच मिळाली.

माझी तक्रार लेबलविषयी आहे आणि ती किरकोळ नाही. ताज्या कोंबांत टॅक्सिफायलिन नावाचे द्रव्य असते व त्यापासून सायनाइड तयार होते, म्हणूनच आमच्याकडे वास्ते चिरून, उकळून ते पाणी फेकून देण्याची रीत आहे. बाटलीतले कोंब असे उकळलेले आहेत की नुसतेच खारवलेले, याचा लेबलवर एका शब्दानेही उल्लेख नाही. विचारल्यावर ‘दोनदा उकळून पाणी फेकलं आहे’ असे विक्रेत्या ताईंनी सांगितले, तरी मी ते घरी पुन्हा वीस मिनिटे उकळले. कोंब मानवेल जातीच्या बांबूचे की कटांग जातीच्या, हेही लिहायला हवे होते, कारण जातीनुसार कडवटपणा बदलतो.

दुसरी बाटली शेजारच्या काकूंना दिली, तर कापांच्या कप्प्यांत चिकटलेले पांढरे कण पाहून, बुरशी समजून, त्या ती फेकायला निघाल्या होत्या. उकळलेल्या कोंबांत टायरोसिन हे अमिनो आम्ल असे कणांच्या रूपाने साचते आणि ते निरुपद्रवी असते, हे त्यांना मी समजावले. खरे तर ते काम लेबलचे होते.

१२० रुपयांत चार माणसांची भाजी झाली. बाटलीवरच्या क्रमांकावर मी या सूचना कळवल्या आहेत आणि पुढच्या खेपेच्या चार बाटल्याही त्याच फोनवर सांगून ठेवल्या आहेत.