लांडगा कोळी पाळायचा, तर नेमका कुठला?

मिरगाचे पहिले दोन-चार पाऊस पडून गेले की आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडच्या घरांत रात्री अंगणात उतरावं आणि बॅटरी कपाळाला बांधून चिऱ्यांच्या गडग्याकडे पाहावं. गवतात निळसर-हिरवे ठिपके चमकतात. दवाचे थेंब पांढरे लुकलुकतात आणि आपण जरा हललो की विझतात. हे ठिपके मात्र आपण जवळ जाईपर्यंत तसेच रोखलेले राहतात. ते लांडगा कोळ्याचे डोळे. डोळ्यामागे आरशासारखा पडदा असतो, त्यामुळे मांजराच्या डोळ्यांसारखाच उजेड परततो. बॅटरी हातात खाली धरली तर हे दिसत नाही, ती आपल्या डोळ्यांच्या रेषेतच हवी.

गेल्या पावसात माझ्या भाचीने विचारलं, "मावशी, यातला एक डब्यात ठेवूया?" तिला लगेच हो म्हटलं नाही, कारण 'मोठा तपकिरी कोळी' म्हणून लोक आणतात तो दर वेळी लांडगा कोळी नसतो. आणि असला तरी प्रत्येकाला डबा मानवतो असं नाही. तिला जे सांगितलं, ते इथे लिहिते आहे.

आधी ओळख. कोळी काचेच्या बरणीत घ्या आणि मोबाईलने समोरून, तोंडाचा फोटो काढा. लांडगा कोळ्याचे आठ डोळे तीन ओळींत असतात: खाली ४ बारीक, त्यांच्यावर २ मोठे, आणि डोक्याच्या वर मागच्या बाजूला आणखी २. हे ४-२-२ दिसलं की शंका उरत नाही. रंगावर मात्र जाऊ नका. तपकिरी अंग आणि पाठीवर फिकट पट्टा इतर कोळ्यांतही सापडतो.

घरात भिंतीवर, देवघरातल्या तसबिरीमागे, न्हाणीघराच्या दारामागे असतो तो वेगळा. जुनी माणसं त्याला कातीण म्हणतात, इंग्रजी पुस्तकांत तो हंट्समन. अंग चपटं, पाय खेकड्यासारखे बाजूला फाकलेले, डोळे चार-चारच्या दोन ओळींत आणि त्यांच्याखाली मिशीसारखी पांढरट पट्टी. त्याची मादी अंड्यांची पांढरी चपटी टिकली पोटाखाली धरून फिरते. विहिरीच्या काठावर, पाटाच्या कडेला पुढचे पाय पाण्यावर टेकवून बसलेला दिसला तर तो बहुधा पाणकोळ्यांपैकी. त्याची मादी अंड्यांची पुडी जबड्यात धरते. लांडगा कोळ्याची मादी तीच पुडी पोटाच्या टोकाला, जिथून सूत निघतं तिथे चिकटवून मागे ओढत नेते. अंडी कुठे धरली आहेत एवढंच नीट पाहिलंत तरी पावसाळ्यात ओळख पटते.

आणि सकाळी मैदानातल्या गवतावर दवाने पांढरीशुभ्र झालेली, मधे नरसाळ्यासारखं भोक असलेली जाळी? ती विणणारा हिपासा हाही लांडगा कोळ्यांच्याच कुळातला. लांडगा कोळी जाळं विणत नाहीत असं सरसकट सांगतात, त्याला हा सरळ अपवाद.

फोटोवरून नेमकी जात मात्र कोणी छातीठोकपणे सांगितली तर विश्वास ठेवू नका. पूर्ण वाढलेल्या कोळ्याचे जननेंद्रियाचे भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच जात ठरते. लायकोसा, होग्ना, पार्डोसा अशा जातींच्या गटापर्यंत पोचलात तरी भरपूर.

आता पाळण्याच्या दृष्टीने. भिंतीवरच्या कातिणीला मी डब्यात घालणार नाही, आणि तुम्हीही घालू नये असं मला मनापासून वाटतं. ती काचेवर सरळ चढते, झाकण उघडताच हातावरून पसार होते आणि पकडताना चिमटीत आली तर पाय तोडून मोकळी होते. तिला उंच, मोकळी भिंत हवी. ती भिंत तुमच्या घरात तिला आधीच मिळाली आहे, आणि रात्री झुरळं खाऊन ती त्याची परतफेड करते. तिला फिरू द्या. अंगावर कोळी फिरला की फोड येतात ही आपल्याकडची भीती तिच्या वाट्याला उगाच आली आहे. पावसाळ्यात सकाळी उठतात त्या जळजळीत चट्ट्यांमागे पुष्कळदा दिव्यावर येणारा पीडेरस नावाचा बारीक लाल-काळा भुंगेरा असतो. तो अंगावर चिरडला की त्याच्यातला द्रव कातडी भाजतो.

हिपासाचं उलट. तो पळून जाणार नाही, पण त्याचं सगळं जगणं त्या जाळ्याच्या पसाऱ्यात आहे. वीतभर डब्यात जाळं अर्धवट विणलं जातं आणि बघण्यासारखं काही उरत नाही. तो गवतातच पाहावा. गवताची काडी जाळ्यावर हलकेच टेकवा, नरसाळ्यातून कसा बाहेर झेपावतो बघा.

जमिनीवरचा लांडगा कोळी मात्र डब्यात आपलं वागणं फारसं सोडत नाही. तो मुळातच एका जागी दबा धरून बसणारा. खळगा करतो, कपचीखाली शिरतो, भक्ष्य जवळ आलं की झडप घालतो. गुळगुळीत प्लास्टिकवर तो बहुतेक वेळा चढू शकत नाही, हा तर पाळणाऱ्याच्या फार सोयीचा गुण. मोठा असेल तर चावू शकतो. दुखतं, थोडं सुजतं, पण माणसाला धोका होईल असं विष त्याच्यात नाही. तरी हातावर घ्यायची हौस नको. टेबलाच्या उंचीवरून पडला तर त्याचं पोट फुटू शकतं.

मग अंगणातला कुठला घ्यायचा? तोंडाशी बॉक्सिंगच्या हातमोज्यांसारखे फुगीर गोळे दिसले तर तो वयात आलेला नर. त्याचे थोडेच दिवस उरलेले असतात आणि ते तो मादी शोधण्यात घालवतो. डब्यात रात्रभर भिंतींना धडका देत राहील. त्याला जाऊ द्यावं.

अंडी ओढणाऱ्या मादीचा मोह सर्वांत मोठा. गेल्या आषाढात तुळशी वृंदावनाच्या पायरीवर आम्ही एक रोज पाहत होतो. उघडीप मिळाली की ती भेगेतून पाठमोरी बाहेर येऊन राखाडी पुडी उन्हाला धरायची. एके दिवशी पुडीची शिवण उसवलेली दिसली. मादी स्वतःच ती उसवते, आतल्या पिल्लांना ते जमत नाही. संध्याकाळी तिची पाठ केसाळ, फुगलेली वाटली. भिंगातून पाहिलं तर पिल्लांवर पिल्लं, तिच्या पाठीवरच्या केसांना धरून थरांनी बसलेली. दोन पिल्लं घसरून खाली पडली, तिच्या पायाला शिवली आणि चढून परत वर गेली. भाची अर्धा तास उकिडवी बसून होती. हीच मादी डब्यात असती, तर घाबरून पुडी टाकून देण्याची किंवा खाऊन टाकण्याची शक्यता होती. आणि सगळं नीट पार पडलं असतं तरी आठवडाभराने पिल्लं पाठीवरून उतरून एकमेकांना खाऊ लागली असती. मोठ्या जातीत ती शंभराच्या वर असू शकतात. म्हणून अंडीवाली मादी आणू नका, अंगणातच बघा.

उरलं ते अर्धवट वाढलेलं पोर: नखाएवढं, तोंडाशी गोळे नसलेलं, पोट दोन्ही बाजूंनी सारखं. पोट एका बाजूला फुगलेलं असेल तर सोडून द्या, जंगली कोळ्यांच्या पोटात कधीकधी परजीवी किड्याची अळी असते. असं पोर घेतलंत तर पुढचे बरेच महिने ते तुमच्यासमोर कात टाकत वाढेल. भाचीला मी हेच घ्यायला सांगितलं.

आणा मात्र आपल्याच परसातून, भाटातून म्हणजे माडांच्या बागेतून किंवा शेताच्या मेरेवरून. मोले, खोतीगाव, बोंडला, म्हादई, नेत्रावळी, चोडण या अभयारण्यांतून कोळीही उचलायचा नसतो, कायद्याने मनाई आहे. घाटाच्या दरडीत रेशमी अस्तर लावलेली बिळं दिसतात ती पुष्कळदा थ्रिग्मोपियससारख्या टॅरँट्युलांची, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्यांची. तिथे काडीसुद्धा घालू नका, वर्षानुवर्षं एकाच बिळात राहणारा तो जीव आहे.

डब्यात ५ ते ७ सेंटीमीटर माती आणि नारळाच्या सोडणाचा भुसा, एक करवंटीचा तुकडा, बाटलीच्या बुचात पाणी आणि त्यात खडा. एका डब्यात एकच कोळी. आपल्याकडे खरा शत्रू पावसाळ्यातली बुरशी. पुस्तकं दमटपणा राखा म्हणतात ती कोरड्या हवेच्या देशांत लिहिलेली. गोव्यात जुलैमध्ये उलट करावं लागतं. झाकणाला आणि बाजूंना भरपूर भोकं, ओलावा फक्त एका कोपऱ्यात, उरलेलं भक्ष्य दुसऱ्या सकाळी बाहेर. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या ताटात वाटीवर ठेवा. चार-पाच दिवसांनी एक रातकिडा किंवा झुरळाचं पिल्लू, कोळ्याच्या पोटापेक्षा मोठं नको. खाणं सोडलं तर कात टाकायची वेळ आली असेल. तेव्हा डब्यात रातकिडा राहू देऊ नका, मऊ पडलेल्या कोळ्याला तो कुरतडतो.

आणि त्या खोलीत डासांची कॉइल नको, मशीन नको, झुरळांचा स्प्रे तर नकोच. माझा पहिला कोळी मी असाच घालवला. रात्री मशीन चालू राहिलं, सकाळी तो पाय आत मुडपून पडलेला. कोळ्याच्या पायांच्या मुख्य सांध्यांत पाय पसरणारे स्नायू नसतात, तो अंगातल्या द्रवाच्या दाबाने पाय ताणतो. दाब गेला की पाय आपोआप मिटतात. पाणी कमी पडलं तरी असंच दिसतं, म्हणून मी तासभर बुचातलं पाणी त्याच्या तोंडाशी धरून बसले होते. उपयोग झाला नाही.

भाचीचं पोर आतापर्यंत दोनदा कात टाकून मोठं झालंय. ती त्या काती काडेपेटीत कापसावर ठेवते, वर तारीख लिहून. त्याच्या तोंडाशी गोळे फुगले, म्हणजे तो नर निघाला, की त्याला संध्याकाळी, पाऊस थांबलेला असताना, त्याच गडग्याच्या त्याच चिऱ्याजवळ सोडायचं हे आमचं आधीच ठरलंय.