म्हापशाच्या बाजारातल्या मांजरपाटी पिशव्या: मे महिन्यातला सहा दिवसांचा अनुभव

मागच्या वर्षी गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मयड्याची केळी घेऊन निघताना, मागच्या गल्लीत शिवणयंत्र घेऊन बसणाऱ्या एका बाईंच्या गाळ्यात मांजरपाटाच्या, म्हणजे जाड कोऱ्या सुती कापडाच्या, पिशव्यांचा संच टांगलेला दिसला. मी सहा पिशव्यांचा तो संच 720 रुपयांना घेतला. पाच पिशव्या साध्या, वरच्या बाजूला जाळी आणि तीन बाजूंनी फिरणारी चेन असलेल्या. सहावी मात्र आतून रेक्झिनचे अस्तर लावलेली, ओल्या कपड्यांसाठी. यंदा मेच्या अखेरीस गोव्यातच मांद्र्याला मावशीकडे सहा दिवस राहायला जाताना मी, माझे यजमान, सासूबाई आणि दोन मुले अशा पाच जणांचे सगळे कपडे याच पिशव्यांत भरून नेले, त्यामुळे त्यांच्याविषयी आता खात्रीने लिहिता येते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, की या पिशव्यांमुळे कपड्यांचे आकारमान कमी होत नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही हवा काढून दाबून ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या नेल्या होत्या. पुण्यात भरताना त्या चपट्या झाल्या, गाडीची डिकी अर्धी रिकामी राहिली आणि आम्ही खूश झालो. पण मांद्र्याला पोहोचून त्या एकदा उघडल्यावर पुन्हा तशा दाबता आल्या नाहीत, कपड्यांवर इस्त्रीनेही जाईनात अशा चुण्या पडल्या आणि किंचित ओलसर राहिलेल्या एका टॉवेलचा कुबट वास शेजारच्या सगळ्या कपड्यांना लागला. गोव्यात मे महिन्यात दिवसा पारा 33-34 अंशांपर्यंत जातो, पण खरा त्रास हवेतल्या ओलाव्याचा असतो, आणि त्या हवेत बंद प्लॅस्टिकपेक्षा श्वास घेणारे कापड केव्हाही बरे. मांजरपाटाची पिशवी हेच काम करते.

कपडे भरण्याच्या पद्धतीत मी पहिल्यांदा चूक केली. एका पिशवीत सगळ्यांचे शर्ट, दुसरीत सगळ्यांचे खालचे कपडे, अशी विभागणी केल्यामुळे आंबोली घाट उतरून सावंतवाडीला चहासाठी थांबलो तेव्हा मुलाला उलटी झाल्यावर त्याचा एक जोड काढण्यासाठी तीन पिशव्या उपसाव्या लागल्या. मांद्र्याला पोहोचल्यावर त्याच रात्री मी सगळे काढून माणशी एक पिशवी अशी मांडणी केली, आणि पुढचे पाच दिवस कोणीही मला ‘माझा अमुक कुठे आहे’ असे विचारले नाही. जाळीतून आतले दिसते, म्हणून मुले स्वतःच कपडे काढतात आणि स्वतःच चेन लावतात. सहा दिवसांसाठी माणशी तीन रोजचे जोड, रात्रीचे दोन, समुद्रात उतरायचा एक आणि देवळात घालायचा एक, एवढे पुरले, कारण मावशीच्या मागील अंगणात दोरी होती आणि आम्ही रोज धूत होतो.

कोणते कपडे घ्यावेत हेही इथे सांगणे योग्य ठरेल, कारण पिशवी कितीही चांगली असली तरी आत चुकीचे कापड भरले तर तिचा काही उपयोग नाही. सर्वसाधारण हवेत सुती कापड स्वतःच्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा धरून ठेवते, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून घामाच्या हवेत सुती कापड अंगाला सुखावते, पण भिजले की वाळायलाही तेच वेळ लावते. मी यावर तोडगा म्हणून अंगावर पातळ सुती कपडे आणि समुद्रासाठी पॉलिएस्टरचे कपडे अशी विभागणी ठेवली. यजमानांनी हट्टाने नेलेली जीन पँट दुसऱ्या संध्याकाळी धुतली ती चौथ्या दिवशी सकाळीसुद्धा कमरेच्या पट्ट्याजवळ ओली होती, कारण मध्ये वळवाची एक सर येऊन गेली. गोव्यात मोसमी पाऊस साधारण 5 जूनच्या सुमारास येतो, पण त्याआधीचे हे शिडकावे दोरीवरचे कपडे हमखास भिजवतात. अंगभर कपड्यांचा जोड मात्र कोणीही विसरू नये. मंगेशीला तोकड्या कपड्यांत जाता येत नाही आणि जुन्या गोव्यात बासिलिका या मोठ्या चर्चमध्येही खांदे व गुडघे झाकलेले लागतात.

आता सहाव्या, रेक्झिनच्या अस्तराच्या पिशवीबद्दल. विकत घेतानाच त्या बाईंनी मला बजावले होते, “बाय, ओले कपडे ह्या पिशवीत फक्त घरी पोचेपर्यंत ठेव, रात्रभर ठेवू नको.” पहिल्या दिवशी मी ते ऐकले नाही. किनाऱ्यावरून आलेले कपडे रात्रभर तसेच राहिले आणि सकाळी चेन उघडली तेव्हा नाक धरावे लागले. दुसऱ्या दिवसापासून आल्याआल्या कपडे नळाच्या पाण्यात खळबळून दोरीवर टाकले आणि पिशवीसुद्धा उलटी करून झटकून वाळत घातली, मग काहीही वास आला नाही. अस्तराने पाणी बाहेर येऊ दिले नाही, गाडीची गादी कोरडी राहिली. त्या बाबतीत ती पूर्ण गुणांची मानकरी आहे.

दोष दोन आढळले. मांजरपाट धुतल्याशिवाय शिवलेले असल्यामुळे पहिल्याच धुण्यात पिशव्या दोन-दोन बोटे आटल्या, त्यामुळे सगळ्यात मोठी पिशवी आता सासूबाईंच्या साड्यांना अपुरी पडते; त्यांना साडी अर्ध्यातून दुमडलेली चालत नाही, घडीची रेघ पदरावर उमटते. दुसरा दोष चेनचा. रनर धातूचा आहे, आणि वाळूसकट खारे पाणी लागल्यावर चौथ्या दिवशी त्यावर हिरवट पांढरा थर चढून तो अर्ध्या वाटेवर अडकला. ओढताना माझ्या मुलीच्या बोटाला खरचटले. मेणबत्ती घासून तो तेवढ्यापुरता चालू झाला, पण ही उणीव किनाऱ्यावर नेण्याच्या पिशवीत असायला नको होती.

परतीच्या आधी शुक्रवार पडला म्हणून मी पिशवी घेऊन म्हापशाला गेले. बाईंनी रनर बोटांत फिरवून पाहिला, “हे खाऱ्या पाण्याला नाही चालत, तू सांगितलंस ते बरं केलंस,” असे म्हणत सगळी चेन उसवली आणि प्लॅस्टिकच्या दातांची जाड चेन वीस मिनिटांत लावून दिली. 30 रुपये घेतले. नवीन पिशव्यांना आता हीच चेन लावणार असल्याचे त्यांनी सांगितले, तरी घेणाऱ्याने रनर हातात धरून खात्री करून घ्यावी आणि घरी आणल्यावर पिशव्या एकदा भिजवून मगच किती कपडे मावतात ते पाहावे.

गाडीने किंवा रेल्वेने येणाऱ्या, चार-पाच माणसांच्या कुटुंबाला हा संच मी नक्की सुचवेन. विमानाने फक्त 7 किलोची हातातली बॅग घेऊन येणाऱ्याला तो तितकासा उपयोगी नाही, कारण रिकाम्या सहा पिशव्यांचे वजनच हाताला चांगले जाणवते. त्याने दोनच पिशव्या सुट्या घ्याव्यात, बाई सुट्याही देतात. सासूबाईंनी साडीच्या पूर्ण घडीचे माप दोऱ्याने घेऊन एक लांबट पिशवी शिवायला टाकली आहे आणि कापड आधी भिजवून घ्यायला आवर्जून सांगितले आहे. दिवाळीत मावशी पुण्याला येईल तेव्हा ती घेऊन येणार आहे.