काळ्या बिबट्याचं चॉकलेट, ओतूरच्या ओट्यावर

इंडियानापोलिसच्या किराणा दुकानात सुनेनं एक वडी माझ्यापुढे धरली. "बाबा, हे घ्या तुमच्या जुन्नरचं चॉकलेट." वेष्टणावर काळा बिबट्या. मी म्हटलं, "आमच्याकडचे ठिपक्यांचे असतात आणि दुकानात नाही, उसात सापडतात." तरी घेतलं. ८५ ग्रॅमची वडी, साधारण चार डॉलर. रुपयांत हिशेब करायचा नाही असं मुलानं विमानतळावरच बजावलं होतं, म्हणून केला नाही. (केला. मनात.)

कंपनी एन्डेन्जर्ड स्पीशीज, म्हणजे संकटातल्या प्राणिजाती, चॉकलेट. १९९३ साली निघालेली, आता त्याच शहरातली. प्रत्येक चवीला एक प्राणी: ७२ टक्केवाल्यावर चिंपांझी, ८८ टक्केवाल्यावर आपला काळोबा. टक्के म्हणजे त्यात कोकोचा माल किती. ८८ म्हणजे साखरेला जागा अगदीच कमी, हे मला पहिला तुकडा तोंडात टाकल्यावर कळलं. कडाक्करून चावलात तर कारल्याची आठवण येते. चावायचंच नाही. जिभेवर ठेवून गप्प बसायचं. मिनिटभरानं ते लोण्यासारखं पसरतं आणि भाजलेल्या कॉफीचा वास नाकात चढतो. मला मधुमेह नाही, पण वय आहे, त्यामुळे रात्री जेवण झाल्यावर दोन चौकोन आणि अर्धा खजूर हे माझं ठरून गेलं. ७२ टक्केवालं जास्त माणसाळलेलं आहे. ज्यांना चॉकलेट म्हणजे दुधाचं गोड एवढंच माहीत आहे, त्यांनी तिथून सुरुवात करावी.

वेष्टण फाडू नका, उलगडा. आतल्या बाजूला त्या प्राण्याची माहिती छापलेली असते. एकतीस वर्षं सातवी-आठवीला विज्ञान शिकवलं, असलं काही हाताशी असतं तर भिंतीवर डकवलं असतं. काळा बिबट्या ही निराळी जात नव्हे, आपलाच बिबट्या, फक्त रंगद्रव्य जास्त. उन्हात नीट पाहिलं तर त्याच्याही अंगावर ठिपके दिसतात. अमेरिका खंडात मात्र काळा पँथर म्हणतात तो काळा जॅग्वार. हे मी सुनेला सांगितलं, तिनं मान डोलावली आणि ट्रॉली पुढे ढकलली.

चिंपांझीचं चित्र मला जास्त बोचलं. जगातला अर्ध्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो, आणि आयव्हरी कोस्टमध्ये कोकोच्या बागांसाठी राखीव जंगलंसुद्धा तोडली गेली. तिथले चिंपांझी १९९० ते २००७ या काळात नव्वद टक्क्यांनी घटले. म्हणजे ज्या पिकापायी त्याचं घर गेलं, त्याच पिकाच्या वडीवर त्याचा फोटो. कंपनी फेअरट्रेडचा कोको घेते. त्यात शेतकऱ्याला किमान भावाची हमी असते आणि वर शेतकऱ्यांच्या सहकारी संघाला काही रक्कम मिळते. कांद्याचा भाव पडला की काय होतं ते पाहिलेल्या माणसाला हमीभावाची किंमत सांगावी लागत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. वेष्टणावर लिहिलेलं असतं की निव्वळ नफ्याचे दहा टक्के प्राणी वाचवणाऱ्या संस्थांना. पूर्वी त्यात डायन फॉसी गोरिला फंडही होता. वाचणारा घाईत 'किमतीचे दहा टक्के' असं वाचतो आणि चाळीस सेंट बिबट्याच्या नावे मांडतो. तसं नाही. चार डॉलरमधून दुकानदार, वाहतूक, कोको, पगार सगळं वजा झाल्यावर कंपनीकडे समजा वीस सेंट उरले, तर दान दोन सेंट. आकडे माझे, हिशेब समजावा म्हणून. तरी नफ्याचा दहावा वाटा दरवर्षी बाहेर काढायचा हे लहान काम नाही, आपल्याकडचे किती कारखाने करतात? पण वडी खाऊन आपण जंगल राखलं असं मात्र कोणी समजू नये. चॉकलेट हवं असेल तर घ्यावं.

मी आठ वड्या घेऊन आलो, तेही मे महिन्यात. कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि जुन्नर तालुक्यातल्या आमच्या ओतूरला पोचेपर्यंत बॅगेत त्याचा चिखल झाला होता. फ्रीजमध्ये ठेवल्यावर घट्ट झालं, पण वर पांढुरका थर. ही म्हणाली, "बुरशी आलीय, टाका." बुरशी नव्हे, लोणीच वर येऊन गोठतं. खाता येतं, फक्त ती मऊ लकाकी जाते आणि दाताखाली रवाळ लागतं.

ओट्यावर बसून सगळ्यांना एकेक चौकोन वाटला. शेजारच्या अण्णांनी वेष्टण लांब धरून पाहिलं. मागच्या पावसाळ्यात त्यांची शेळी गोठ्यातून बिबट्यानं नेली, आणि रात्रीची लाईट असली की उसाला पाणी धरायला ते अजूनही बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन जातात.

"ह्या वाघाला वाचवायला तिकडं पैसे देत्यात?" आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात.

"याला म्हणजे असाच नाही, निरनिराळ्या प्राण्यांना."

"मंग माणिकडोहच्या वाघांच्या केंद्राला धाडा म्हणावं." जुन्नरजवळ पकडलेले, जखमी बिबटे ठेवतात ते हे केंद्र. त्यांनी चौकोन तोंडात टाकला, चावला, आणि चेहरा असा केला की ही आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "गुरुजी, वाघ बरा."

पुढच्या खेपेला ७२ टक्केवाल्या सहा आणायच्या, ८८ची एकच, माझ्यापुरती. आणि डिसेंबरात.