पेटंट अर्जाचे परीक्षण: बारा हजार शंभर रुपयांच्या सेवेविषयी

सांगली जिल्ह्यातील आमच्या लहान कारखान्यात हळद शिजवण्याचे वाफेवरचे ड्रम तयार होतात. वाफ ज्या बाजूने आत शिरते तिथली हळकुंडे गरजेपेक्षा जास्त शिजतात आणि पलीकडच्या टोकाची अर्धकच्ची राहतात, ही या ड्रमची जुनी अडचण आहे. तिच्यावर आम्ही काढलेल्या उपायासाठी, म्हणजे उतार दिलेल्या आणि छिद्रे असलेल्या वाफेच्या नळीसाठी, पेटंटचा अर्ज केला. त्या अर्जाचे परीक्षण कसे झाले आणि त्या सेवेची किंमत मोजणाऱ्या लहान उद्योजकाच्या पदरात नेमके काय पडते, हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की आमच्या भागात अनेक जण ‘पेटंट मिळाले’ किंवा ‘पेटंट नाकारले’ एवढेच सांगतात आणि मधला टप्पा, ज्यात खरे काम होते, तो कोणी सांगत नाही.

आधी खर्च पाहू. लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाचे १,६०० रुपये, लवकर प्रसिद्धीसाठी नमुना ९ चे २,५०० रुपये आणि जलद परीक्षणासाठी नमुना १८-अ चे ८,००० रुपये, असे एकूण १२,१०० रुपये सरकारी शुल्क झाले. तीसपेक्षा जास्त पाने किंवा दहापेक्षा जास्त दावे (शोधातील नेमक्या कोणत्या गोष्टीवर हक्क मागतो ते सांगणारी वाक्ये) असतील तर वेगळे पैसे पडतात. आमचे दावे दहाच होते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की अर्ज केला म्हणून तो आपोआप तपासला जात नाही. परीक्षणाची मागणी स्वतंत्रपणे करावी लागते आणि मार्च २०२४ मध्ये नियम बदलल्यापासून ती सर्वसाधारणपणे ३१ महिन्यांच्या आत करावी लागते. पूर्वी ही मुदत ४८ महिने होती. मुदत चुकली तर अर्ज मागे घेतला असे मानले जाते. ज्यांचे यंत्र अजून दर हंगामात बदलते आहे, त्यांनी जलद परीक्षणाच्या मागे लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तपासणीची घाई झाली की कागदावर काय आहे एवढेच पाहिले जाते, मनात काय आहे ते नाही.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे पहिल्या परीक्षण अहवालाकडे वळतो. परीक्षक अर्ज वाचतो, जगभरातील जुनी पेटंटे आणि प्रकाशने शोधतो आणि आपला अहवाल नियंत्रकाला, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या पेटंट कार्यालयातील अधिकाऱ्याला, देतो. त्यानंतर आक्षेपांचे पत्र अर्जदाराकडे येते. हे पत्र पाहून पुष्कळांचा धीर खचतो. आमचाही खचला होता, कारण दहापैकी एकही दावा त्यात सुटलेला नव्हता. दोन जुनी पेटंटे समोर ठेवली होती: एकात धान्य वाफवण्याच्या भांड्यातील छिद्रांची नळी होती, दुसऱ्यात उतार दिलेली वाफेची नळी होती. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवणे त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचण्यासारखे आहे, हा पहिला आक्षेप. पेटंट कायद्याच्या कलम ३(फ)नुसार, म्हणजे आपापले काम स्वतंत्रपणे करणाऱ्या माहीत असलेल्या साधनांची केवळ मांडामांड केली आहे म्हणून, हा शोधच ठरत नाही, हा दुसरा. ‘योग्य व्यासाची’, ‘पुरेसा उतार’ अशा शब्दांमुळे दाव्याची हद्द कळत नाही, हा तिसरा.

तीन दिवस हे पत्र पुन्हा पुन्हा वाचल्यावर माझे मत पूर्ण बदलले. आमचे तपशीलपत्र, म्हणजे शोधाचे वर्णन, आकृत्या आणि दावे असलेला अर्जाचा मुख्य कागद, आमच्याइतके बारकाईने वाचणारा पहिला माणूस तो परीक्षक होता, आणि त्याने ठेवलेली जुनी पेटंटे आम्ही स्वतः कधी शोधली नव्हती. आक्षेप म्हणजे नकार नव्हे. त्या पत्राला सहा महिन्यांत उत्तर द्यायचे असते, दावे बदलता येतात, युक्तिवाद करता येतो, आणि मुदत तीन महिने वाढवूनही मागता येते. मात्र काहीच केले नाही तर अर्ज सोडून दिला असे समजले जाते. इथे एक तक्रार नोंदवतो. आमच्या वतीने काम पाहणाऱ्या पेटंट एजंटने हे पत्र आमच्यापर्यंत सात आठवड्यांनी पोहोचवले, आणि जेवढा दावा मोठा तेवढा फायदा मोठा या समजुतीने मूळ दावे इतके सैल लिहिले होते की जुन्या पेटंटांना ते सहज जाऊन भिडले. अर्जदाराने स्वतःच्या अर्जाची स्थिती पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर दर आठवड्याला पाहावी. अर्ज प्रसिद्ध झाल्यानंतर अहवाल, उत्तरे, सुनावणीची नोटीस, निर्णय हे सारे तिथे कोणालाही विनामूल्य वाचता येते. अर्ज करण्यापूर्वी आपल्या क्षेत्रातील दोन-तीन अशा फायली आक्षेपांपासून निर्णयापर्यंत वाचून काढणे हा मला या सेवेचा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित भाग वाटतो.

उत्तर तयार करताना मी दहाही दाव्यांचे मराठीत भाषांतर करून आमच्या फिटर मामांना वाचून दाखवले, कारण नळी त्यांनीच घडवली होती. चौथ्या दाव्यापाशी त्यांनी मला थांबवले आणि म्हणाले, “साहेब, भोकं सारखी नाहीत. तोंडापासून शेवटाकडं मोठी होत जातात, आणि खालच्या अंगाला आहेत, म्हणून तर वाफेचं पाणी नळीत साचत नाही.” एजंटने ही गोष्ट दाव्यात घेतलीच नव्हती. सुदैवाने मूळ वर्णनात तिच्यावर एक वाक्य होते आणि आकृतीत ती दिसत होती. कलम ५९ प्रमाणे मूळ कागदात जे नाही ते दुरुस्तीने आत आणता येत नाही. त्यामुळे ड्रमच्या दोन टोकांच्या तापमानाच्या आमच्याकडे असलेल्या नोंदी तपशीलपत्रात घालता आल्या नाहीत, पण छिद्रांचा वाढता व्यास दाव्यात घेता आला. दहाचे सहा दावे झाले.

सुनावणी व्हिडिओद्वारे झाली. नियंत्रकांचा पहिलाच प्रश्न होता की उतार आणि छिद्रे एकमेकांवर अवलंबून कशी आहेत, आणि हे मूळ तपशीलपत्रात कुठे लिहिले आहे. आम्ही पान आणि परिच्छेद दाखवला: उतारामुळे पाणी खालच्या अंगाला येते, मोठ्या छिद्रांतून गळते, आणि पाणी गेल्यामुळेच वाफेला शेवटपर्यंत वाट मिळते, एक काढले तर दुसरे निकामी होते. सुनावणीनंतर पंधरा दिवसांत लेखी म्हणणे द्यायचे असते, ते दिले, आणि पेटंट मिळाले.

हळदीच्या प्रदेशात राहून या कठोरपणाबद्दल कुरकूर करणे मला योग्य वाटत नाही. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाला अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुरावा म्हणून मांडले, तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झाले. तिथल्या परीक्षकासमोर आपल्या घरोघरचे ज्ञान पोहोचले नव्हते, म्हणून एवढी धावपळ करावी लागली. आपल्या कायद्यात पारंपरिक ज्ञानाला कलम ३(प) ने पेटंटबाहेर ठेवले आहे, आणि पेटंट देण्यापूर्वी कोणीही व्यक्ती कलम २५(१) खाली लेखी विरोध नोंदवू शकते, ही तरतूद मला शेतकऱ्याच्या बाजूची वाटते.

दोन उणिवा मात्र खऱ्या आहेत. कलम १३(४) सांगते की परीक्षण झाले म्हणून पेटंटच्या वैधतेची हमी सरकार देत नाही. उद्या एखाद्या प्रतिस्पर्ध्याने न्यायालयात आव्हान दिले तर लढाई पुन्हा आपलीच. तारण म्हणून पेटंट दाखवणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावे. दुसरी उणीव भाषेची आहे. कागदपत्रे इंग्रजीत किंवा हिंदीतच द्यावी लागतात. ज्या मामांनी चौथ्या दाव्यातील चूक पकडली, त्यांना आमच्या पेटंटचे एकही पान स्वतः वाचता येत नाही. म्हणून मंजूर झालेल्या सहा दाव्यांचे मराठी टिपण मी ड्रमच्या कामाच्या टेबलासमोर भिंतीवर लावले आहे, आणि पुढच्या अर्जाचा पहिला मसुदा आम्ही मराठीतच लिहायला घेतला आहे.