विवाहपूर्व आरोग्य तपासणी आणि समुपदेशन : बडोद्यातील एका केंद्राचा अनुभव

साखरपुड्यानंतर मी आणि माझ्या नियोजित पतींनी बडोद्यातील एका खाजगी केंद्रात विवाहपूर्व आरोग्य तपासणी करून घेतली. ‘त्यांच्याविषयी काही संशय आहे का?’ असे तीन मैत्रिणींनी मला विचारले, आणि तिघीही पदवीधर आहेत, म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे.

दोघांचे मिळून ५,२०० रुपये झाले. रक्त घेणाऱ्या ताईंचा हात हलका होता आणि अहवाल दुसऱ्या दिवशी सायंकाळी मिळाले. पैसे वसूल झाले ते मात्र समुपदेशक डॉक्टरबाईंनी दिलेल्या पाऊण तासात. एकनाडी म्हणजे एकच रक्तगट, अशी समजूत दांडिया बाजारातील आमच्या घरात पक्की आहे. आम्हा दोघांचाही गट बी पॉझिटिव्ह असल्यामुळे आई धास्तावली होती. रक्तगट सारखा असल्याने काहीही बिघडत नाही, पत्नी आरएच निगेटिव्ह आणि पती पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणात लक्ष ठेवावे लागते आणि त्यावरही अँटी-डी इंजेक्शनचा उपाय आहे, हे बाईंनी तिला शांतपणे समजावले. खरी चौकशी करायची ती थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक असण्याची, कारण असा वाहक धडधाकट असतो आणि बहुधा त्याला स्वतःलाही त्याचा पत्ता नसतो. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचे गंभीर रूप, होण्याची शक्यता २५ टक्के असते. माझे एचबीए२ (वाहकात वाढलेला आढळणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) प्रमाण ३.५ टक्क्यांच्या आत, म्हणजे सामान्य होते, तरीही लोहाची कमतरता असली की हा आकडा मुळापेक्षा कमी दिसू शकतो, म्हणून बाईंनी लोहाची तपासणी पाहिल्यावरच निर्वाळा दिला. अशी चिकाटी मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

तक्रार आहे ती गोपनीयतेची. नोंदणी बाबांच्या मोबाइलवरून केली होती, एवढ्याच कारणाने दोघांचेही अहवाल, एचआयव्हीच्या निकालासह, त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेले. एचआयव्ही तपासणीपूर्वी समुपदेशन आणि संमती आवश्यक असल्याचे २०१७ चा कायदा सांगतो. येथे मात्र सर्व तपासण्यांसाठी एकच सही घेतली गेली आणि त्या तपासणीचा तोंडी उल्लेखही झाला नाही. पूर्वीचे आजार, औषधे आणि व्यसने यांविषयीचे प्रश्नही दोघांना समोरासमोर बसवून विचारले गेले. अशा वेळी कोण मोकळेपणाने बोलेल? प्रत्येकाला स्वतंत्र दहा मिनिटे दिली असती, तर मी या केंद्राची शिफारस विनाअट केली असती.

जाणाऱ्यांनी स्वतःचाच क्रमांक नोंदवावा आणि पत्रिका छापायला टाकण्यापूर्वी जावे. रुबेला लसीनंतर महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते आणि हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. आमचे लग्न दोन महिन्यांवर आले आहे, त्यामुळे आमचा तिसरा डोस सासरी गेल्यावरच होईल.