जुन्या गेमसाठी साधा मॉनिटर, व्हेरिएबल रिफ्रेशचा मॉनिटर की पिक्चर ट्यूबचा टीव्ही?

कोल्हापुरात जुन्या व्हिडिओ गेमचे वेड असलेली आमच्या वयाची बरीच मंडळी संगणकावर एम्युलेटर (जुन्या गेम यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) बसवतात आणि चार दिवसांत एकच तक्रार करू लागतात: गेम चालतो, पण मागचे दृश्य सरकताना मध्येच अडखळते. मग नवा मॉनिटर घेण्याचे मनात येते. माझे मत असे की, पैसे काढण्यापूर्वी आपला आवडता गेम सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रे, देतो, हे पाहावे.

एनईएस या निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलच्या अमेरिकी आवृत्तीचा वेग सेकंदाला सुमारे ६०.१ फ्रेम आहे, म्हणजे ६० हर्ट्झच्या, सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या, साध्या मॉनिटरवर दर दहा सेकंदांना जेमतेम एक फ्रेम जास्तीची ठरते. एम्युलेटर चालवणाऱ्या रेट्रोआर्क या प्रोग्राममध्ये व्हीसिंक (मॉनिटरच्या ठोक्यावर फ्रेम दाखवण्याची सोय) चालू ठेवल्यास गेमचा वेग मॉनिटरशी जुळवला जातो आणि आवाज तुटू नये म्हणून ध्वनीचा वेगही किंचित बदलला जातो. हा बदल कानाला जाणवत नाही. एनईएस, सुपर एनईएस आणि मेगा ड्राइव्ह एवढ्याच कन्सोलांचे गेम खेळणाऱ्याने नवा मॉनिटर घेऊ नये, असे मी ठामपणे सांगेन.

आर्केडचे, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवरच्या गेमचे, गणित वेगळे आहे. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ सेकंदाला सुमारे ५४.७ फ्रेमने चालतो, त्यामुळे ६० हर्ट्झवर दर सेकंदाला पाचेक फ्रेम दोनदा दिसतात आणि तोच तो झटका असतो. व्हेरिएबल रिफ्रेशचा मॉनिटर पुढची फ्रेम येईपर्यंत थांबतो, म्हणून झटका राहत नाही. मात्र रेट्रोआर्कमध्ये मूळ फ्रेमरेटशी जुळवण्याचा पर्याय चालू करावा लागतो.

स्पष्टतेचा प्रश्न मात्र मॉनिटर न बदलताही सुटतो. एनईएसचे चित्र २५६ बाय २४० पिक्सेलचे असते. ते १०८० ओळींच्या पडद्यावर चार-तीन प्रमाणात पूर्ण उंचीला ताणले, तर रुंदीचा गुणक ५.६२५ येतो, म्हणजे काही पिक्सेल पाच ठिपक्यांचे तर काही सहा ठिपक्यांचे होतात. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये धावताना विटा आक्रसतात आणि फुगतात, त्याचे कारण हेच. रुंदी पाच पट व उंची चार पट ठेवली, तर १२८० बाय ९६० असे नेमके चार-तीन प्रमाण मिळते. वर-खाली थोडी काळी पट्टी राहते, पण विटा शेवटपर्यंत सारख्या दिसतात.

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर प्रत्येक फ्रेम क्षणभरच चमकते, तर ६० हर्ट्झचा एलसीडी मॉनिटर ती सुमारे १६.७ मिलिसेकंद धरून ठेवतो आणि सरकत्या दृश्याबरोबर फिरणाऱ्या नजरेला ती पुसट दिसते. ट्यूबवरची ती स्वच्छ हालचाल पाहिली की माझे मन आजही हरखते. परंतु टीव्ही जड असतो, दुरुस्त करणारे कारागीर कमी होत चालले आहेत आणि आपल्याकडचे काही जुने संच फक्त ५० हर्ट्झचा ‘पाल’ (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) संकेत घेतात, ६० हर्ट्झचा नाही, त्यामुळे तो घरात आधीच असेल तरच त्याच्या वाटेला जावे. १२० हर्ट्झच्या मॉनिटरवर दर दोन फ्रेमपैकी एक काळी दाखवण्याची सोय वापरली, तर पुसटपणा निम्म्यावर येतो, पण त्याबरोबर उजेडही निम्मा होतो.

राजारामपुरीत मॉनिटर पाहायला जाल तेव्हा आपला लॅपटॉप बरोबर न्यावा. दुकानातल्या स्थिर चित्रावरून यातले काहीच कळत नाही. लांब आडवे स्क्रोलिंग असलेला टप्पा दोन मिनिटे चालवावा आणि विटांच्या उभ्या सांध्यांवर नजर ठेवावी.