दादरचा फ्रेमवाला: हात चांगला, पण बोगद्यात रूळ घातले

दादर पश्चिमेला, भाजीवाल्यांच्या मागच्या गल्लीत फोटो फ्रेमचं छोटंसं दुकान आहे. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवरच थांबायचं.

माझी भाची नोकरीसाठी त्रिनिदादला असते. मी ३३ वर्षं मध्य रेल्वेत ट्रॅकवर काढली, म्हणून तिने खास माझ्यासाठी ताबाकीतच्या जुन्या रेल्वे बोगद्याचा फोटो काढून पाठवला. दगडी कमान, वर बांबूचं बेट, आत ओल आणि अंधार. फ्रेमवाल्याने बघितल्या बघितल्या विचारलं, "काका, कसारा का?" चूक नव्हती त्याची.

गिऱ्हाईक कमी होतं, मग मीही सुटलो. त्रिनिदादमधली पोर्ट ऑफ स्पेन ते अरिमा गाडी १८७६ ची, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाण्यानंतर २३ वर्षांनी. पुढे कापारो खोऱ्यातल्या कोकोच्या मळ्यांसाठी जर्निंगहॅम जंक्शनपासून फाटा काढला. तो १८९८ साली ताबाकीतला गेला आणि १९१४ मध्ये रिओ क्लॅरोला. डोंगर आडवा आला तिथे हा सुमारे दोनशे मीटरचा बोगदा. त्याला नॉलीज म्हणतात, तेव्हाच्या हंगामी गव्हर्नरच्या नावावरून. १९२० नंतर कोकोचे भाव कोसळले, बस-मोटारी वाढल्या, आणि १९६८ च्या डिसेंबरात बेटावरची सरकारी रेल्वे पुरती बंद झाली. रूळ उचलले, बोगदा राहिला. फ्रेमवाला माउंट कापता कापता हूं हूं करत होता.

आता कामाचं. सागवानी पट्टी घेतली. कोपऱ्यांचे सांधे असे बसवलेत की नख घातलं तरी अडकत नाही. काच न चमकणारी, मागे हार्डबोर्डवर नीट कागद चिकटवलेला, कडीसुद्धा पितळी. ९५० रुपयांत हे काम स्वस्तच. गुरुवारचा वायदा शनिवारी पुरा झाला, तेवढं चालायचंच.

घरी येऊन कागद सोडला आणि बघतो तर बोगद्यात रूळ!

दुकानात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलाने फोटो 'साफ' केला होता. गवत गायब, शेवाळ गायब, आणि मधोमध चकचकीत रूळ. खडी नाही, रूळ जोडणारी फिशप्लेट नाही, रुळांखालचे आडवे स्लीपर कुठे हातभर अंतरावर तर कुठे वीतभर, आणि डावा रूळ पुढे जाऊन थेट भिंतीत घुसलेला. तिथलं गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, १४३५ मिलिमीटर होतं, आपल्या ब्रॉडगेजपेक्षा अरुंद. याने तर बैलगाडी जाईल एवढं रुंद केलेलं. असल्या ट्रॅकवर मी ढकलट्रॉलीसुद्धा जाऊ दिली नसती. परत दुकानात गेलो तर तो मुलगा म्हणाला, "काका, रिकामा वाटत होता ना." अरे बाबा, रिकामाच आहे तो!

मालकांनी वाद घातला नाही. मूळ फोटो समोरच पुन्हा छापला, फ्रेम उघडून बदलून दिला, पैसे घेतले नाहीत. गवत परत आलं. पाचातला एक तारा मात्र मी कापतोय.

जाणार असाल तर बिलावरच 'फोटो आहे तसा छापणे' असं लिहून घ्या. ती रुळांवाली प्रिंट त्यांनी नमुना म्हणून दुकानात लावली आहे, दाराच्या डाव्या हाताला. बघून या.